सावदा ते पिंपळनेर, ललीच्या मागे

खानदेशातून परत आल्यापासून भेटेल तो मला एकच विचारतो, भरीत खाल्लं का? खाल्लं. पोटभर खाल्लं, दोनदा मागून घेतलं. त्याबद्दलही सांगणार आहे, कारण प्रवासाला गेलेल्या माणसानं जेवणाचं सांगितलं नाही तर आमच्या कोल्हापुरात तो प्रवास धरत नाहीत. पण मला खरं सांगायचंय ते चार वर्षांच्या एका मुलीचं. ललिता तिचं नाव, घरची माणसं लली म्हणायची. तिच्या हिरड्यांचा रोग मी ओळखला, गालावरचा ओळखला नाही, आणि त्या न ओळखलेल्याचं खापर भर माणसांत दुसऱ्याच बाईच्या डोक्यावर फोडलं. लिहून त्यातलं काही भरून निघणार नाही हे मला कळतं. तरी लिहिते आहे.

जळगाव

मी दातांची डॉक्टर. त्यातही हिरड्यांची. तीसेक वर्षं कॉलेजात शिकवलं आणि मुलांना इतकं रागावले की माझी चप्पल वाजली तरी वॉर्डात शांतता व्हायची. निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं असणार. वैशाली ही माझ्या बोलण्यानं एकेकाळी रोज रडणारी विद्यार्थिनी. लग्न होऊन जळगावला गेली, तिथं तिचा दवाखाना आहे आणि महिन्यातले काही दिवस ती एका संस्थेच्या गाडीतून खेड्यापाड्यांत दात तपासत फिरते. गाडीतच खुर्ची, दिवा, पाण्याची टाकी. "मॅडम, दहा दिवस या," तिनं फोन केला, "आमच्या नव्या पोरांना जरा हिरड्या शिकवा. तुम्ही रागावलात तरी चालेल, त्यांना सवय व्हायला पाहिजे."

फेब्रुवारीत गेले. पहिल्याच दिवशी तिच्या सासरच्या शेतावर भरिताचा बेत होता. वांगी हिरवी, हातभर लांब, कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजलेली. सालं काढून लाकडी भांड्यात मुसळानं ठेचायची, त्यात हिरव्या मिरचीचा आणि लसणाचा ठेचा, कांद्याची पात, वर शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत अख्खे उडीद दळून केलेली. तिखट ही आमची मक्तेदारी असा प्रत्येक कोल्हापूरकराचा समज असतो. पहिल्या दोन घासांत माझा गेला. डोळे पुसायला पदर लावला तेव्हा समोर बसलेले गाडीचे ड्रायव्हर सुकलालभाऊ मिशीतल्या मिशीत हसले.

"काय मॅडम, कोल्हापूरना डोयामा पानी उनं का?"

सुकलालभाऊ पारोळ्याकडचे. पन्नाशीचे, बोलायला मोकळे. माझ्याशी मराठी बोलायचे, पण थट्टा करायची असली की त्यांना त्यांची अहिराणी लागायची. दहा दिवसांत मला ती निम्मी समजायला लागली. उरलेली निम्मी ते समजावून सांगायचे, आणि समजावताना स्वतःचं चार शब्दांचं तिखटमीठ घालायचे. त्या दिवशी मला त्याची गंमत वाटली.

सावदा

दुसऱ्या दिवशी सावदा. भुसावळ मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच केळी. आमच्याकडे ऊस असतो तसा, नजर संपते पण शेत संपत नाही. फक्त ऊस कोरडा वाटतो आणि इथं पानांच्या सावलीतून गार ओल अंगावर येते. माणसं "ळ" म्हणत नाहीत, "केयी" म्हणतात, "सकायी" म्हणतात. एका बागाईतदारानं आम्हाला त्याच्या आवारात गाडी लावायला जागा दिली होती. पलीकडे घड धुऊन फण्या सुट्या करायचं आणि खोकी भरायचं काम चाललं होतं. आवाराच्या कडेला ताडपत्रीची पाच-सात पालं. केळी कापायला आलेली टोळी त्यात राहत होती. साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरच्याही पलीकडची, डोंगरातली माणसं.

या टोळ्यांची रीत अशी की धडधाकट नवरा-बायको दोघंही कामाला जातात. नवरा घड कापतो, बायको डोक्यावरून वाहते. पोरं सांभाळायला कोणीतरी म्हातारी बरोबर आणलेली असते. स्वयंपाक तिनं करायचा, पोरांचं खाणंपिणं, हगणंमुतणं, औषधपाणी सगळं तिच्याकडे. आई अंधार पडता पडता येते. तोवर पोरांना आई म्हणजे तीच.

दुपारपर्यंत बायकांच्या मिश्रीनं काळे झालेले दात साफ करत होते आणि प्रत्येकीला बोलत होते. मिश्री आमच्याकडेही आहे, माझ्या आत्याही लावायच्या, त्यामुळे हक्कानं बोलत होते. तेवढ्यात मला वास आला. पोरगी अजून रांगेत, चार माणसांच्या मागे होती. हा वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. कुजल्याचा वास, जिवंत माणसाच्या तोंडातून येणारा. "त्या पोरीला आधी आणा," मी ओरडले.

ललीला तिची आजी घेऊन आली होती. तुळसाबाई नाव, ललीच्या बापाची आई. पोरगी आजीच्या खांद्याला गाल चिकटवून होती, तोंड अर्धवट उघडं, लाळ आजीच्या लुगड्यावर गळत होती. हातपाय काड्यांसारखे. दोघी डॉक्टर मुली तिला धरायला पुढे झाल्या तर रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. रडायला तोंड उघडावं लागलं असतं.

दिव्याखाली पाहिलं. खालच्या दातांमधली हिरड्यांची टोकं खाल्ली गेलेली, जणू कोणी नखानं उचकटून काढावीत. त्यावर राखाडी पापुद्रा. बोळा टेकवला तर पापुद्रा सुटला आणि खालून भळकन रक्त आलं. मी मागे उभ्या असलेल्या नव्या डॉक्टरांना तिथल्या तिथे शिकवलं. तीन खुणा लक्षात ठेवा, टोकं झडलेली, न विचारता वाहणारं रक्त, आणि दुखणं इतकं की पोर पाणीही पीत नाही. हिरडी कुजण्याचा हा रोग धडधाकट माणसाला होत नाही. अंगातली ताकद कशानं गेली ते शोधा. मी विचारलं, अलीकडे आजारी होती का? तुळसाबाई म्हणाल्या, "गोवर उन्हता. तव्हापशी खास नही." गोवर झाला, तेव्हापासून खात नाही. झालं, मला सगळं जुळलं. गोवर, उपासमार, हिरड्या. मला माझाच अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू!

पाणी घातलेल्या पेरॉक्साइडच्या बोळ्यानं तोंड हळूहळू पुसून काढलं. दोन औषधांच्या बाटल्या दिल्या, तोंड पुसायचं औषध दिलं, दूध-अंडी पातळ करून भरवायला सांगितलं. आणि मग तिची मान दिव्याकडे वळवताना उजव्या गालावर मला काळा डाग दिसला. सुपारीएवढा. गाल सुजलेला होता.

"बिब्बा लावला का?" मी विचारलं.

बिब्बा म्हटला की माझं डोकं फिरतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी दाढदुखीवर बाहेरून बिब्ब्याचं तेल लावलेलं एक पोर आलं होतं, सगळा गाल फोडांनी सोललेला. तेव्हापासून काळा डाग दिसला की मी बिब्बा विचारते, आणि दहांतल्या नऊ वेळा तो असतोच.

"हा," तुळसाबाई म्हणाल्या. "लावा. मीच लावा." हो, मीच लावला. बोलताना त्यांनी हात स्वतःच्या जबड्याखाली नेला. तो हात मी पाहिला होता. आज मला तो स्पष्ट आठवतो. तेव्हा मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही, कारण मला रागवायची घाई झाली होती.

पुढचं सगळं आवारात ऐकू गेलं. "पोरीचा गाल जाळलास तू! रोग तोंडात आणि तू बाहेरून विस्तव लावतेस? दवाखाना काय लांब होता?" खोकी भरणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. ललीची आई सुनीता डोक्यावर घड घेऊन येत होती, ती तशीच उभी राहिली. तुळसाबाईंना माझं मराठी कळलं नसेल म्हणून सुकलालभाऊंनी ते अहिराणीत सांगितलं, नेहमीसारखं चार शब्द जास्तीचे घालून. तुळसाबाईंनी पदर पुढे ओढला.

डागावर मलम दिलं, चार दिवसांनी पुन्हा आणायला सांगितलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

नशिराबाद

मधला एक दिवस जळगावातच गेला, चौथ्या दिवशी नशिराबाद. हायवेवरचं मोठं गाव, जळगावपासून हाकेच्या अंतरावर. सकाळी दात तपासले, दुपारी एका घरी डुबुकवडे जेवलो. उकळत्या तिखट रश्श्यात डाळीच्या पिठाचे गोळे सोडतात, ते डुबुक डुबुक बुडतात म्हणून हे नाव. मी घरच्या बाईंकडून कृती लिहून घेतली. ती वही अजून माझ्याकडे आहे, त्यानंतर तिच्यात काही लिहिलेलं नाही.

चार वाजता शाळेच्या एका खोलीत मी नव्या डॉक्टरांचा वर्ग घेतला. वैशालीनं सावद्याला ललीचे फोटो काढले होते, ते भिंतीवर मोठे करून दाखवत होते. हिरड्यांचा फोटो दाखवला, मुलांनी टिपून घेतलं. मग चेहऱ्याचा. "आणि हा बिब्ब्याचा डाग," मी म्हणाले आणि थांबले.

भिंतीवर दोन डाग होते.

एक जबड्याखाली, गळ्याच्या बाजूला. तपकिरी, ओघळ आलेला, कडेनं बारीक फोड, बरा होत आलेला. तो बिब्बा. दुसरा गालावर. कोरडा, कडा कोरल्यासारख्या, भोवतीची कातडी निळसर आणि ताणून चकाकणारी. ओघळ नाही, फोड नाही. आत, बरोब्बर त्याच जागी, हिरडीवरचा कुजलेला भाग. सूज आली म्हणून आजीनं जबड्याखाली बिब्बा लावला होता, जिथं गाठ हाताला लागत होती तिथं. गालावर कोणीच काही लावलेलं नव्हतं. गाल आतून मरत आला होता.

या रोगाचं नाव नोमा. उपाशी, गोवरानं खंगलेल्या पोरांत हिरडीचं कुजणं गालात शिरतं आणि काही दिवसांत गाल, ओठ, जबडा खाऊन टाकतं. मी दरवर्षी तो शिकवायची. एक फोटो, दोन मिनिटं, आणि "हे आता आपल्याकडे दिसत नाही, परीक्षेपुरतं वाचा." मी स्वतः तो कधी पाहिला नव्हता. डाग दिसला त्या मिनिटाला पोरीला गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात न्यायचं, शिरेतून औषध आणि नळीनं अन्न सुरू करायचं, एवढंच करायचं असतं. त्या दिवशी गाडी दहा पावलांवर उभी होती.

वर्ग कसा संपवला आठवत नाही. वैशालीनं केसपेपरवरचा ललीच्या बापाचा नंबर लावला, फोन बंद. सुकलालभाऊंनी काही न विचारता गाडी काढली. ऊन उतरता उतरता आम्ही सावद्याच्या आवारात होतो. कडेची पालं तशीच होती, एक सोडून. त्या जागी चुलीचे तीन दगड होते.

बागाईतदार म्हणाला, "ते तं सकायीच गेले न बाई. पोरीचं तोंड लयच सुजलं व्हतं. अन् घरातबी भांडन झालं मोठं. सून म्हने, म्हातारीले पोरीले हात नको लावू देऊ."

"औषध? औषध देत होते का?"

त्याला ते माहीत नव्हतं. शेजारच्या पालातल्या बाईला माहीत होतं. सुनीतानं सासूला पोरीला शिवायचीच बंदी केली होती. स्वतः दिवसभर केळीत. मुकादमानं सुट्टी दिली नाही, तिनंही मागितली नाही. तुळसाबाई बाटल्या समोर ठेवून पालाबाहेर बसून राहिल्या. सकाळचं आणि रात्रीचं औषध आईनं दिलं. मधलं कोणी दिलं नाही, आणि दूधही नाही.

परतीच्या रस्त्यात सुकलालभाऊ एकदाच बोलले. "मॅडम, मी तिले जास्तीनं बोलनू." मी म्हणाले, तुम्ही माझंच बोललात.

धुळे

मुकादमाचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी लागला. टोळीची पिकअप गाडी त्यांना घेऊन निघाली होती, पण पोरीला ताप चढला म्हणून धुळ्याला सरकारी दवाखान्यात उतरवून पुढे गेली होती. जळगाव ते धुळे हा रस्ता मी लोकांना सांगण्यासारखा पाहिलाच नाही. एरंडोल, पारोळा, कापूस वेचून झालेली काळी रानं, लांबवर एखादी बोडकी टेकडी. पारोळ्याला सुकलालभाऊंचं घर रस्त्यावरच आहे, ते थांबले नाहीत.

लहान मुलांच्या वॉर्डात एक तरुण डॉक्टर होता. त्यानं रोग बरोबर ओळखला होता, आल्या आल्या. शिरेतून औषधं, नाकातून नळी, सगळं चालू होतं. मी माझं नाव सांगितलं तर तो उठून उभा राहिला, माझ्या एका विद्यार्थ्यानं त्याला शिकवलं होतं. "मॅडम, दोन दिवस आधी मिळाली असती तर..." तो म्हणाला आणि तिथंच थांबला. त्याला वाटलं मी पाहुणी म्हणून आले आहे.

ललीच्या गालावर ओली पट्टी होती. त्यानं ती उचलून दाखवली. डाग गळून पडला होता आणि त्या भोकातून तिचे दुधाचे दात दिसत होते, शेवटच्या दाढेपर्यंत. ती जागी होती. माझ्याकडे बघत होती, सावद्याला बघत होती तसंच. मी आयुष्यभर दात पाहिले. ते दात मला बघवले नाहीत.

सुनीता खाटेशी बसली होती. मला ओळखून तिनं डोक्यावरचा पदर सावरला. मी विचारलं, आजी कुठे? तिनं मान दाराकडे वळवली. तुळसाबाई बाहेर व्हरांड्यात, भिंतीला टेकून, गाठोडं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कालपासून तिथंच होत्या. आत येत नव्हत्या.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. सुनीता समोर होती, म्हातारी दाराबाहेर होती, दोन वाक्यांचं काम होतं. मी म्हणाले, "औषध चांगलं चालू आहे." सुनीताच्या नवऱ्याला फळं आणून दिली. दुधाची पावडर आणून दिली. डॉक्टरशी इंग्रजीत बोलले. नको नको ती सगळी कामं केली. मनाशी म्हणत होते, पोरगी जरा सावरू दे, मग सांगू. भ्याले होते, दुसरं काही नाही.

दुपारी सुकलालभाऊंनी मला बळंच एका खानावळीत नेलं. शेवभाजी मागवली. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर जाड तिखट शेव, लोक लांबून खायला येतात म्हणे. मी एक घास घेतला. चावताना मला माझ्या गालाची आतली बाजू जिभेला लागत होती. ताट सरकवलं. त्यांनी ते दुसऱ्या कोणाला दिलं नाही, स्वतःही खाल्लं नाही.

लली दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. विष अंगात भिनलं होतं, छाती भरली होती. मी रात्रीच्या मुक्कामावरून पोचले तेव्हा खाट रिकामी करून चादर बदलत होते. बापानं तिला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं होतं आणि तो नुसता फेऱ्या मारत होता, ती झोपेना म्हणून मारावा तसा. सुनीता मोठ्यानं रडत होती आणि रडता रडता व्हरांड्याकडे हात करून सासूला शिव्या देत होती. म्हातारी तशीच बसून होती. गाठोड्यावर कपाळ टेकलं होतं.

पिंपळनेर

उरलेले चार दिवस मी जळगावला काम केलं. दात काढले, वर्ग घेतले, कोणाला रागावले नाही. नवी पोरं वैशालीला विचारत होती, मॅडम आजारी आहेत का? परतीच्या गाडीच्या आदल्या दिवशी मी म्हणाले, मला पिंपळनेरला जायचंय. वैशाली म्हणाली, "मॅडम, सांगून काय होणार? पोर तर गेली." मी म्हणाले, म्हातारी आहे ना.

साक्रीच्या पुढे मुलूख बदलतो. कांद्याची हिरवी वाफ्यावाफ्यांची शेतं, टेकड्यांच्या माथ्यावर पवनचक्क्या, आणि पश्चिमेला सह्याद्रीची भिंत उभी. पळस फुलला होता. पिंपळनेरच्या बाजारात सुकलालभाऊंनी पाड्याचा पत्ता विचारला. "कोन्ही? ती बिब्ब्यानी म्हातारी?" पानाच्या टपरीवरच्या माणसानं विचारलं. तिथवर पोचलं होतं. सांगणाऱ्याच्या तोंडी ते नाव एवढं सहज होतं की मला गाडीत बसवेना.

पाडा डोंगराच्या पायथ्याशी. कुडाची घरं, शेणानं सारवलेली अंगणं, आमच्या कोल्हापुरी अंगणांपेक्षा स्वच्छ. सुनीता आणि तिचा नवरा घरी होते. आम्हाला बघून नवऱ्यानं बाज टाकली, सुनीतानं पाण्याचा तांब्या आणला, मग काळा चहा. घरात नुकतं लेकरू गेलेलं आणि तरी चहा. तुळसाबाई घराच्या मागच्या बाजूला, एका वेगळ्या छपरात होत्या. त्यांचं ताट-तांब्या तिकडेच नेऊन ठेवला होता.

मी चहा ठेवला आणि सांगितलं. सगळं, क्रमानं, साध्या मराठीत, आणि सुकलालभाऊंना म्हणाले, माझा एकही शब्द कमी-जास्त करू नका. त्यांनी केला नाही. मी सांगितलं की गालावरचा डाग बिब्ब्याचा नव्हता. आजीनं बिब्बा जबड्याखाली लावला होता, त्यानं काही बिघडलं नव्हतं. गालाचा रोग आतून आला होता. तो मला ओळखायला हवा होता, तेच माझं काम. मी ओळखला नाही आणि आजीवर ओरडले. मी त्याच दिवशी तिला दवाखान्यात नेलं असतं तर लली कदाचित वाचली असती. चूक माझी आहे. मी मोबाइलवर फोटोही दाखवला, दोन्ही डाग बोट ठेवून दाखवले. सुनीतानं ललीचा चेहरा पाहिला आणि फोन उलटा करून बाजेवर ठेवला.

मला वाटलं आता शिव्या देतील. मला त्या हव्या होत्या.

नवऱ्यानं हात जोडले. "बाई, तुम्ही मोठा मनना मानूस शेतस. म्हातारीना जीवले बरं वाटू दे म्हणीसन इतलं दूर उनात." म्हातारीच्या जिवाला बरं वाटावं म्हणून तुम्ही इतक्या लांब आलात.

"नाही," मी म्हणाले. "मी खरं सांगते आहे. सुकलालभाऊ, सांगा त्यांना."

सुकलालभाऊंनी सांगितलं. सुनीता उठली, घराच्या मागच्या कोपऱ्याशी गेली आणि छपराकडे तोंड करून म्हणाली, "दख, डाक्तरबाई तुन्हा करता खोटं बोली राहिनी. इतली मोठी बाई." तुझ्यासाठी डॉक्टरबाई खोटं बोलते आहे, बघ. तिच्या बोलण्यात राग नव्हता. सासूला लाजवत होती.

मी पुन्हा सुरुवात केली. गोवर, हिरड्या, गाल. तिसऱ्यांदा सांगायला लागले तेव्हा सुकलालभाऊंनी माझ्या दंडाला हात लावला. "मॅडम, आते बस करा. त्या ऐकतीस नही." ते ऐकायचे नाहीत. त्यांचे डोळे भरले होते. सावद्याला मी एकदाच, एका दमात बोलले होते, आणि ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

निघालो. गाडीचं दार उघडलं तोवर तुळसाबाई घराला वळसा घालून मागून आल्या. पदर पुढे ओढलेला होता. त्या दिवसांत मी त्यांच्या तोंडून सावद्याच्या त्या दोन-चार वाक्यांपलीकडे काही ऐकलं नव्हतं.

"बाई," त्या म्हणाल्या, "मन्हा करता आजलोंग कोन्ही बोलनं नही. तुम्ही बोलनात." माझ्या बाजूनं आजवर कोणी बोललं नव्हतं, तुम्ही बोललात.

त्या वाकल्या आणि त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मला मागे सरायचं होतं, पण पाठीशी गाडी होती.